साताची उलटी प्रदक्षिणा

मार्गळी, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमारास येणाऱ्या तमिळ महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी दुसऱ्या तासाची घंटा झाल्यावर, कुंभकोणममधल्या एका प्राथमिक शाळेच्या अंगणात माझ्या आतोबांवर धडधडीत अन्याय झाला. आणि हेही आत्ताच सांगून टाकते, की अन्याय सोसायला त्यांच्याइतका नालायक माणूस साऱ्या तंजावर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. मी सोलापुरात मामाकडे दोन वर्षं राहून कामगारांच्या कचेरीत पत्रकं लिहायला शिकले. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा चेहरा कसा दिसतो, तो काय बोलतो, मूठ कुठे आपटतो, हे मला पाठ आहे. आतोबांनी यातलं एकही केलं नाही. घरी येऊन ते दोन वाट्या रसम प्यायले आणि त्यांनी आत्याला विचारलं, “अगे, भोपळ्याचीं फुलं आणखी आहेत की?” तेव्हापासून मी जी गोंधळले आहे ती अजून सावरलेली नाही.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. साऱ्या गल्लीला ते ‘कणक्कु वात्यार’, म्हणजे गणिताचे मास्तर, म्हणून ठाऊक. त्यांच्या घराण्यातले पुरुष तंजावरच्या मराठी राजांच्या दप्तरात कारकून होते. राज्य बुडालं, दप्तर गेलं, आणि आकड्यांची खोड तेवढी आतोबांपाशी उरली. इतर माणसं आकड्यांचा उपयोग करतात. आतोबा आकड्यांशी नातं जोडतात. त्यांच्या मते ज्या दोघांची बेरीज दहा होते त्यांचं लग्न झालेलं आहे. एक आणि नऊ, दोन आणि आठ, तीन आणि सात, चार आणि सहा. पाच हा ब्रह्मचारी; त्याला दोन्ही बाजूंनी सारखंच निमंत्रण. या सोयरिकी ते इतक्या गांभीर्याने सांगत की एकदा आत्या पानाला चुना लावता लावता म्हणाली, “दोना-आठाचं लग्न लावलांत, चारा-सहाचं लावलांत. घरांतली ही भाची पंचविशीला टेकली, तिचं कधीं?” आतोबा विचारात पडले आणि म्हणाले, “पंचवीस म्हणजे पाच पंचे. पाचाच्या घरचं आहे, मी काय करूं?”

नवाचा पाढा त्यांच्या दहा बोटांवर असे. दोन्ही पंजे समोर धरायचे, नऊ चोक किती हवं तर डावीकडून चौथं बोट मिटायचं. त्याच्या डावीकडे तीन बोटं उरली, उजवीकडे सहा, झाले छत्तीस. यात काही वाईट नाही, पण ही बोटं त्यांच्या ताब्यात राहिली नाहीत. स्वामीमलैच्या बसमध्ये पुढच्या लॉरीचा नंबर दिसला की कंडक्टरसमोर त्यांचं एक बोट मिटायचं, आणि कंडक्टर बिचारा ‘किती तिकिटं?’ म्हणून विचारत राहायचा. एका लग्नात तर नवऱ्या मुलाला आशीर्वाद द्यायला त्यांनी दोन्ही हात उचलले आणि मधलं बोट मिटूनच ठेवलं. मुलाच्या आईचा चेहरा पांढराफटक. हा काही दोष तर नाही ना, म्हणून तिने भटजींना बाजूला घेतलं. आत्याने नंतर खडसावलं तेव्हा ते म्हणाले, “मांडवाला सत्तावीस खांब होते, त्यास मी काय करूं?”

पण त्यांच्या डोक्यातलं सगळ्यात मोठं वेड कोलमचं. मराठी मुलखात जशी दारात रांगोळी, तसा इथे तांदळाच्या पिठाचा कोलम. आधी ठिपके, मग त्यांतून रेघ. ते काम बायकांचं. आतोबांना कधीतरी, आत्याच्या उंबऱ्यापाशी उकिडवं बसून, असा शोध लागला की पाढे म्हणजे मुळात कोलमच. दहा ठिपके गोलात काढायचे, शून्यापासून नवापर्यंत. मग पाढा म्हणायचा आणि प्रत्येक उत्तराचा शेवटचा अंक धरून रेघ ओढत जायचं. चाराचा पाढा घ्या: चार, आठ, बारातला दोन, सोळातला सहा, विसातलं शून्य. रेघ घरी परत आली, आणि पाहावं तर पाच टोकांची चांदणी! तिनाच्या पाढ्याची दहा टोकांची होते. आणि साताची? साताचीही तीच, पिठाच्या कणाचाही फरक नाही. फरक फक्त चालण्याचा. तीन आपण देवळात घालतो तशी प्रदक्षिणा घालत, तीन-तीन ठिपके पुढे उड्या मारत जातो. सात त्याच वाटेने उलटा येतो. “नवरा-बायकोचं घर एक, वाट एक,” आतोबा सांगत, “भांडण एवढंच, कीं कुणीकडून जायाचं.” या शोधानंतर पहाटे आत्याच्या आधी उठून ते दारात पीठ टाकू लागले. आत्या लाजेने अर्धी झाली. “लोक मज विचारतात, घरांत बाई माणूस नाहीं की काय!” पण महिन्याभरात समोरच्या घरी चाराचा पाढा उमटला, शेजारी आठाचा, आणि सगळी गल्ली नकळत पाढ्यांवरून पाय जपून चालू लागली.

शाळेत त्यांनी हेच अंगणात मोठं करून काढलं, आणि मुलांना ठिपक्यांवरून उड्या मारायला लावलं. दशकाचं घर तोंडी पाठ करायचं, एकक पायांना विचारायचं. जी मुलं छडीच्या भीतीने सात सकाला मुकी होत ती उड्या मारत ‘बेचाळीस!’ म्हणून ओरडू लागली. यात वळ्ळी नावाची एक मुलगी होती, इन्नंबूरहून रोज चालत येणारी. बाप स्वामीमलैला मूर्ती घडवणाऱ्यांच्या कामशाळेत मेणाचे साचे करतो. आकड्यांना घाबरून ही मुलगी वर्षभर दाराआड बसायची. कोलमवर मात्र ती हरणासारखी उडायची.

आता तो सोमवार. आतोबा चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला मी गेले होते. म्हणून लिहिते ते डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते. शाळा तपासणारे इन्स्पेक्टर आले होते. अंगणात साताचा कोलम तयार. मार्गळी महिना, म्हणजे या गावात प्रत्येक कोलमच्या मध्यभागी शेणाचा गोळा आणि त्यात भोपळ्याचं पिवळं फूल हवंच. शाळेतल्या झाडूवाल्या आयाने कोलम पाहिला, त्यात फूल नाही हे पाहिलं, आणि भक्तिभावाने ते खोचून ठेवलं. तिची काही चूक नाही. पण फूल खोचल्याबरोबर तो पाढा राहिला नाही, देव झाला. आणि देवाला उलटी प्रदक्षिणा घालायची नसते, हे इथल्या पोराला चालायच्या आधी शिकवतात.

इन्स्पेक्टरांनी विचारलं, “सात सक?” वळ्ळी उठली, फुलाला हात जोडले, आणि नीट, सुलट, प्रदक्षिणेच्या दिशेने सहा उड्या मारून दोनाऐवजी आठावर उतरली. “अठ्ठेचाळीस.” दुसऱ्याला सात चोक विचारलं: “बावीस.” तिसऱ्याला सात आठे: “चौपन्न.” फक्त सात पंचे पस्तीस बरोबर आलं, ब्रह्मचारी दोन्हीकडून पाचावरच येतो. इन्स्पेक्टरांचे कान लाल झाले. मुख्याध्यापक मान खाली घालून जमिनीत शिरायची जागा शोधत होते. आणि आतोबा? मी दिलेला चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला, मधलं फूल पाहिलं, आणि टाळी वाजवून मोठ्याने हसले. “सार, पाहिलंत? असके, सगळेच्या सगळे चुकले, पण असके एकसारखे चुकले! बेचाळिसांतला दोन चुकला तर कोण आला? आठ, त्याचीच बायको! दुसरा कोणीही आला नाहीं!”

इन्स्पेक्टरसाहेबांना वाटलं, हा मास्तर आपली टर उडवतोय. त्यांनी बुटाने तो कोलम पुसला, वर्गासमोर वळ्ळीकडे बोट दाखवून “ही वर चढायच्या लायकीची नाही” म्हणाले, आणि शेऱ्यात लिहिलं की हे गृहस्थ अंकगणित शिकवण्यास अयोग्य आहेत. दुसऱ्या दिवशी आतोबांना चित्रकला दिली. पाढे दिले एका छडीवाल्याला.

मी त्या रात्री पत्रक लिहून काढलं. मथळा ठळक: ‘कुंभकोणमच्या पालकांनो, जागे व्हा!’ त्यात बूट होता, मुजोरी होती, साम्राज्यशाहीची पिल्लावळही होती. सकाळी आतोबांना वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “ओळी एकवीस झाल्या. तीन साती.”

“आतोबा, मी अन्यायाविषयी बोलत्येय!”

“कोणावरचा?”

“तुमच्यावरचा!”

“मजवर कसला? साहेब बरोबर बोलला. सात सक बेचाळीस, मुलगी अठ्ठेचाळीस म्हणाली.” मग त्यांनी रसमची वाटी बाजूला सारली. “मी चित्रकला शिकवीन. आंबा काढला तर तो मडक्यासारखा दिसतो, पोरं हसतात, चालतं. पण ती पोरगी कां येत नाहीं?”

वळ्ळी त्या सोमवारपासून शाळेत आलेली नव्हती. हे माझ्या पत्रकात नव्हतं. बूट होता, ती नव्हती.

रविवारी आम्ही दोघं इन्नंबूरला गेलो. तिच्या बापाने आम्हाला ओसरीवर बसवलं, ताक दिलं, आणि शांतपणे सांगितलं, “वात्यार, आमच्या कामात मूर्तीचं एक बोट मापात चुकलं तर मूर्ती ठेवत नाहीत, वितळवतात. ही सगळ्यांसमोर चुकली. पुरे झालं.” मी भाषणाला तोंड उघडलं, आतोबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “वितळवतां, खरं,” ते म्हणाले, “पण पंचलोहाचा धातू फेकतां की?” दाराआड बांगडीचा आवाज झाला.

आतोबा अंगणात उतरले. साठीला आलेला माणूस, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, दहा ठिपके काढले, फूल ठेवलं नाही, आणि एकटेच उलटे चालू लागले: सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस. सत्तरावर पोचल्यावर मला हळूच म्हणाले, “कळलं? मीं तिला उलटं जायास सांगितलं, पण भिऊं नकोस हे सांगितलं नाहीं. देवाला उलटं जाऊं नये, हें आजीचं सांगणं ती मानली. तिने माझं ऐकावं की आजीचं, हें मी विचारलंच नाहीं.” आणि मग, मला उद्देशून, जरा कडकच: “कागद लिहितेस तर माझं नांव खोड. अन्याय कुणावर झाला हेंच तुज कळलं नाहीं.”

परतीच्या बसमध्ये त्यांचं एकही बोट मिटलं नाही. समोरून तीन लॉऱ्या गेल्या.

मी पहिलं वाक्य तसंच ठेवलं आहे, कारण ते खोटं नाही. पण दुसरं नाव त्यात घालते. अन्याय वळ्ळीवर झाला, दहा वर्षांच्या, हात जोडून चुकलेल्या मुलीवर. पोंगलनंतरच्या पहिल्या शुक्रवारी शाळेची समिती बसणार आहे. तिला वरच्या वर्गात घ्यायचं की नाही ते त्या दिवशी ठरेल, आणि घ्यायचं ठरलं नाही तर ती साच्यातलं मेण वितळून जावं तशी घरकामात बेमालूम जिरून जाईल. मग तिला कोणी विचारणार नाही. तुमच्यातले निम्मेअधिक लोक आतोबांच्या वर्गातून गेलेले आहेत. कोणी मद्रासला आहे, कोणी पुण्याला नोकरीला, कोणी याच गावात पितळेच्या दुकानात. तुम्हाला सात सक कसं येतं, आठवा. म्हणून सांगते: जवळ असाल तर त्या शुक्रवारी शाळेत या. घोषणा नको, निशाण नको, माझं पत्रकही नको. समितीसमोर उभे राहा, साताचा पाढा म्हणा, आणि हा तुम्हाला कुणी शिकवला ते सांगा. लांब असाल तर आज, हे वाचून खाली ठेवायच्या आधी, शाळेच्या पत्त्यावर एक कार्ड टाका: वळ्ळीला परत घ्या.