आठ दिवस घरात ठेवलेलं रजिस्टर

सरकारी वकिलांच्या कार्यालयात मी एकतीस वर्षं कारकून होतो. त्यातली शेवटची नऊ वर्षं माझं टेबल सबीहा मॅडमच्या टेबलाला लागून होतं. फायली काढायच्या, तारखा मांडायच्या, त्या सांगतील ते टाइप करायचं, एवढं माझं काम. त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही.

मॅडम मूळच्या अकोल्याच्या. वडील नबीभाई जुन्या शहरात पत्र्याच्या पेट्या बनवायचे. लग्नात मुलीला द्यायच्या, फुलांची नक्षी काढलेल्या पेट्या. चार मुलींत ही तिसरी. वकिली शिकली, परीक्षा दिली आणि पहिल्याच फेरीत सरकारी वकील झाली. नेमणूक अमरावतीची. भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि शनिवारी दुपारी अकोल्याला जायच्या. तोवर नबीभाईंना लकवा झाला होता. आई नव्हती. बहिणी आपापल्या घरी. घर चालायचं ते मॅडमच्या पगारावर.

कंपन्यांच्या फसवणुकीचे खटले आमच्याकडे कुणाला नको असायचे. फाइल उशीएवढी जाड, आणि पेपरात नाव येत नाही. मॅडम ते मागून घ्यायच्या. म्हणायच्या, "खुनाच्या केसमध्ये माणसं फिरतात, श्यामभाऊ. कागद फिरत नाही. तो नीट लावला की झालं." आणि लावायच्याही. आवाज चढवत नसत. साक्षीदाराला पंचवीस साधे प्रश्न विचारायच्या आणि सव्विसावा असा टाकायच्या, की समोरचा वकील पाणी मागायचा.

२०१७च्या उन्हाळ्यात देवमन खंडारे आमच्याकडे आला. चांदूर बाजारचा, तिशीतला, बारावी सायन्स झालेला. 'वरदगंध फूड्स' नावाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. ही कंपनी मेळघाटातल्या अंगणवाड्यांना लहान लेकरांच्या खाऊची पाकिटं पुरवायची. पिठाचे नमुने तपासून जे निघेल ते एका रजिस्टरमध्ये हाताने लिहायचं, हे देवमनचं काम. पिठात बुरशी निघायची. तो बुरशी लिहायचा. सरकारकडे जाणाऱ्या छापील अहवालात मात्र सगळं स्वच्छ. आणि त्या अहवालाखाली सही देवमनची.

"म्या केलीच नाई ना ते सही," तो मॅडमना म्हणाला. "माह्या नावाचा 'द' मी असा काढतच नाई. पाहा." आणि त्याने माझ्या टेबलावरचा कागद ओढून पाच वेळा सही करून दाखवली. त्याला बुरशीचा राग होताच, पण सहीचा जास्त होता.

आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. कंपनीवर छापा पडला, पण छाप्याची खबर आधीच पोहोचली होती. पोलिसांना कपाटात नवंकोरं रजिस्टर मिळालं, एकाच शाईत, एकाच दिवशी लिहिलेलं. देवमनकडे जुन्या रजिस्टरच्या पानांचे मोबाइलवरचे फोटो होते. ते घेऊन तो पुन्हा आला.

मॅडमनी फोटो पाहिले. "देवमनभाऊ, फोटोवर केस उभी राहत नाही. ते म्हणतील, खोटे आहेत. मूळ रजिस्टर कुठे आहे?"

"मालकाच्या केबिनमागच्या खोलीत. चाबी माह्याजवळबी असते."

"मग ते आणा."

"चोरी नाई ना होनार ते?"

"गुन्ह्याचा पुरावा सरकारला देणं म्हणजे चोरी नाही. सरकार तुमच्या मागं आहे."

मी तिथेच बसलो होतो. हातभर अंतरावर.

चार दिवसांनी त्याने फोन करून रजिस्टर आणल्याचं सांगितलं. मॅडम तेव्हा अकोल्याला होत्या. नबीभाईंना दवाखान्यात ठेवलं होतं. त्या फोनवर म्हणाल्या, "मी आल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नका. पोलिसांच्याही नाही. तोवर घरीच ठेवा." हे परत आल्यावर त्यांनीच मला सांगितलं. आठ दिवस ते रजिस्टर देवमनच्या घरी गव्हाच्या कोठीत राहिलं. नवव्या दिवशी मॅडमसमोर पंचनामा झाला. 'साक्षीदार देवमन खंडारे याने स्वतःहून हजर केले' असं पोलिसांनी लिहिलं आणि देवमनने खाली सही केली. 'द' नीट काढला.

त्याची नोकरी त्याच आठवड्यात गेली.

खटला चार वर्षं रेंगाळला. देवमन प्रत्येक तारखेला चांदूर बाजारहून यायचा, बोलावलं नसलं तरी. त्याची साक्ष झाली तेव्हा मॅडमनी त्याला दोन तास उभं केलं आणि तो कुठेही अडखळला नाही. साक्ष संपल्यावर आमच्या कार्यालयात येऊन बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मॅडम, आता कितीबी दिवस लागू द्या."

२०२१ मध्ये वरून पत्र आलं. खटला मागे घ्यायचा होता. कारण दिलं होतं लोकहित. कंपनीत साडेतीनशे बाया कामाला आहेत, पुरवठा थांबला तर मेळघाटातली लेकरं उपाशी राहतील. आमचे वरिष्ठ भगवंतराव काळमेघ ते पत्र घेऊन मॅडमच्या टेबलाशी आले.

"अर्ज तुमच्या सहीनं जाईल," ते म्हणाले.

खटला मागे घेताना सरकारी वकिलाने स्वतः विचार केला पाहिजे, असा कायदा आहे. त्याने नुसती वरची आज्ञा पाळली तर कोर्ट परवानगी देत नाही. म्हणून अर्जात एक वाक्य लागतं. मॅडमनी ते सांगितलं आणि मी टाइप केलं: 'मी संपूर्ण कागदपत्रांचा स्वतंत्रपणे व सद्सद्विवेकबुद्धीने विचार करून या निष्कर्षाप्रत आले आहे.' सही करण्यात त्यांची अख्खी दुपार गेली. पण केली. कोर्टाने परवानगी दिली.

दीड महिन्याने वरदगंधने देवमनवर तक्रार केली. नोकराने मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली. शिवाय रजिस्टर परत देण्यासाठी त्याने पैसे मागितले, असंही त्यात होतं. पोलिसांना पुरावा शोधावा लागला नाही. देवमनच्या सहीचा पंचनामा आमच्याच कपाटात होता.

ही फाइल मॅडमच्या टेबलावर आली. त्या उठून भगवंतरावांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं.

"सर, ही केस दुसऱ्या कुणाला द्या. मी आरोपीला ओळखते."

"कशी ओळखता?"

मॅडमनी उघड्या दाराकडे पाहिलं.

"लेखी द्या," भगवंतराव म्हणाले. "कसं ओळखता तेही लिहा. म्हणजे सरकारी वकिलानंच कंपनीतून कागद उचलून आणायला लावला, हे तुमच्याच अक्षरात येईल. कंपनीचे वकील त्याचीच वाट पाहून राहिले. मग चौकशी लागेल, निलंबन होईल. पेपरात काय छापून येईल ते सांगू?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमचं नाव सबीहा आहे, मॅडम. हे तुम्ही विसरत असाल, लोक विसरत नाहीत."

मॅडम परत येऊन बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी फाइल उघडली आणि पेन्सिलने तारखा अधोरेखित करायला लागल्या.

देवमनकडे वकिलाला द्यायला पैसे नव्हते. त्याला सरकारी खर्चाने एक वकील मिळाला, नुकताच सनद घेतलेला. तो पोरगा तारखेच्या दिवशी सकाळी फाइल वाचायचा. मूळ खटला कुणी चालवला होता, हे त्याने कधी पाहिलंच नाही. आणि देवमनने त्याला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते मला पुढे कळलं.

खटला लवकर चालला. कंपनीचा मॅनेजर आला, पंच आले. मॅडमनी नेहमीसारखेच साधे प्रश्न विचारले. मग न्यायाधीशांनी आरोपीला विचारलं, "तुमच्याविरुद्ध हा पुरावा आला आहे. तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

देवमन पिंजऱ्यात हात जोडून उभा होता. त्याने मॅडमकडे पाहिलं. चेहऱ्यावर भीती नव्हती. इतके दिवस तो याच दिवसाची वाट पाहत होता, हे मला तेव्हा समजलं.

"जे सांगाचं ते मॅडम सांगतीन," तो म्हणाला.

"कोण मॅडम?"

"ह्या. सबीहा मॅडम. त्याईले सारं मालूम हाये."

मागच्या बाकावर दोघे-तिघे वकील हसले. न्यायाधीशही किंचित हसले. "अहो, त्या तुमच्या विरुद्ध आहेत. तुमचे वकील हे."

"नाई साहेब. त्या सांगतीन."

न्यायाधीशांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे फायली घेऊन बसलो होतो. मला त्यांच्या मानेवरचा घाम दिसत होता.

"आरोपीनं बचावात काहीही सांगितलेलं नाही, एवढंच नोंदवून घ्यावं," त्या म्हणाल्या.

तसं नोंदवलं गेलं.

आठवड्याने युक्तिवाद झाला. मॅडमनी युक्तिवाद वाईट केला असता तर कदाचित देवमन सुटला असता. कागद पोलिसांना देण्यासाठी नेला होता, म्हणजे बेइमानीचा हेतू नव्हता, एवढं जरी त्या नवख्या वकिलाने धरलं असतं तरी पुरलं असतं. त्याने ते अर्धवट धरलंही. मॅडम उत्तराला उभ्या राहिल्या.

"आरोपीचा हेतू प्रामाणिक होता, तर त्यानं रजिस्टर त्याच दिवशी पोलिसांना का दिलं नाही? पोलीस ठाणं घरापासून दहा मिनिटांवर आहे. पूर्ण आठ दिवस त्यानं ते स्वतःच्या घरात, गव्हाच्या कोठीत लपवून ठेवलं. या आठ दिवसांचा खुलासा आरोपीकडे नाही."

देवमनने मान वर केली. नंतर तो खाली, पिंजऱ्याच्या फळीकडे पाहत राहिला. त्या दिवशी त्याला कळलं.

मला ते आठ दिवस माहीत होते. निवृत्तीला एकोणीस महिने राहिले होते. मी फायलींना नाडी बांधली.

दोन वर्षं सक्तमजुरी झाली. निकालात न्यायाधीशांनी आठ दिवसांचा उल्लेख दोनदा केला.

नंतरच्या सोमवारी देवमनची बायको चंदा कार्यालयात आली. सोबत कुणी नव्हतं. तिने खुर्ची घेतली नाही.

"बाई, मी भांडाले नाई आली," ती म्हणाली. "एकच गोष्ट इचाराची हाये. त्याईनं तुमाले फोन केल्ता तवा मी बाजूले उभी होती. घरी ठेवा म्हने तुमी. मंग मीच त्याईले म्हटलं, कोठीत ठेवा, लेकरं हात नाई लावनार. आता माह्या सासूबाई मले म्हनतात, तुयाच अकलेनं गेला. मी त्याईले काय सांगू?"

मॅडम तिच्याकडे बघत होत्या.

चंदा माझ्याकडे वळली. "अन् तुमी, श्यामभाऊ? रजिस्टर आना म्हटलं, ते तुमीबी ऐकलं होतं ना? हे म्हनत होते, श्यामभाऊबी तथीच होते."

मी म्हणालो, "अपील कर, वहिनी. अपिलात सुटते माणूस."

"अपिलाले वकील लागते," ती म्हणाली आणि गेली.

मॅडमनी त्या महिन्यात अकोल्याहून चंदाला पैसे पाठवले, पाठवणारी म्हणून बहिणीचं नाव घालून. मनीऑर्डर परत आली. 'घेण्यास नकार' असं पोस्टमनने लिहिलं होतं.

वर्षाच्या शेवटी मॅडमना बढती मिळाली. आता कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना नियम कसे पाळावेत हे समजावून सांगायला त्यांना पाठवतात. हॉटेलच्या हॉलमध्ये व्याख्यान असतं, नंतर जेवण. एका व्याख्यानाला मी सोबत गेलो होतो. गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला कंपनीने संरक्षण दिलं पाहिजे, हा मुद्दा त्यांनी पाऊण तास सांगितला. फार चांगला सांगितला. वरदगंधचा मॅनेजर दुसऱ्या रांगेत होता आणि वहीत लिहून घेत होता.

देवमन शिक्षेतली माफी धरून सोळा महिन्यांत सुटला. चांदूर बाजारला त्याला कुणी काम दिलं नाही. २०२४च्या जानेवारीत, माझ्या निवृत्तीला महिनाभर उरला असताना, मॅडम आणि मी एका साक्षीदाराला भेटायला परतवाड्याला गेलो होतो. काम आटोपून बसकडे चाललो होतो, तेव्हा जीपच्या अड्ड्यावर तो दिसला. मफलर गुंडाळून ओरडत होता, "सेमाडोह, हरिसाल, धारणी! बसा, निंगालीच!" जीप भरून दिली की ड्रायव्हर त्याला वीस रुपये देतो.

आम्ही त्याच्यासमोर आलो. त्याने आधी मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठं जायचं हाये?" त्याने विचारलं. "पुढची सीट खाली हाये."

"देवमनभाऊ," मॅडम म्हणाल्या.

"धारनीचे दीडशे लागतीन. सेमाडोहचे ऐंशी."

मॅडमनी पर्स उघडली. आत किती होते कोण जाणे, त्यांनी सगळ्याच नोटा बाहेर काढल्या. देवमनने हात मागे घेतला.

"पैसे डायवरले द्या, मॅडम. माह्या हातात नका देऊ. मंग लोक काईबी म्हनतात."

मागून दोन बाया गाठोडी घेऊन आल्या. त्याने त्यांची गाठोडी उचलून टपावर फेकली, पुढच्या सीटवर त्यांना बसवलं आणि दुसऱ्या जीपकडे ओरडत गेला. मॅडम नोटा हातात धरून उभ्या होत्या. मी म्हटलं, "चला, आपली बस लागली."

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. अचलपूर मागे पडल्यावर मॅडमनी मला वही काढायला सांगितली. दुसऱ्या दिवशी एका बँक मॅनेजरची साक्ष होती. त्या एकेक प्रश्न सांगत गेल्या, साधे साधे, आणि मी लिहीत गेलो. रस्ता खराब होता, अक्षर हलत होतं. सव्विसावा प्रश्न त्यांनी अमरावती यायच्या जरा आधी सांगितला.