अरविंदनं पाहिलेली जमीन

मे महिन्यातली दुपार होती. अरविंदच्या बायकोचा, सरितावहिनींचा फोन आला तेव्हा मी चाकणला एका ग्राहकाच्या कारखान्यात होतो. "भाऊजी, ह्यांना पिंपरीच्या दवाखान्यात आणलंय... कामावर चक्कर येऊन पडले म्हणतात." मी पोहोचेपर्यंत अरविंद गेला होता. उष्माघात, डॉक्टर म्हणाले. वय त्रेचाळीस.

निघोज्याच्या आमच्या कंपनीत आम्ही दोघं एकाच दिवशी रुजू झालो. हवेतला मिथेन मोजायची यंत्रं आम्ही बनवतो. अरविंद उदगीरकडचा. हात इतका नेमका की त्यानं तपासलेलं यंत्र सहसा परत यायचं नाही. म्हणून उत्तर कॅनडातल्या संशोधकांनी यंत्रं मागवली तेव्हा ती बसवायला कंपनीनं त्यालाच पाठवलं. महिनाभरानं परतला तो गप्प गप्पच. एकदा कॅन्टीनमध्ये बोलता झाला. तिथली जमीन हजारो वर्षं गोठलेली, जुनी झाडंझुडपं तिच्यात तशीच अडकून पडलेली. आता ती वितळतेय, आतलं सगळं कुजतंय, त्यातून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड वर येतोय. त्यानं हवा आणखी तापते, आणखी जमीन वितळते... एकानं तळ्याच्या बर्फाला भोक पाडून काडी ओढली, तर कमरेएवढी ज्योत उठली. एका म्हातारीचं घर खचलं होतं. दार उघडेना म्हणून ती खिडकीतून ये-जा करायची. "तिच्या अंगणात आपलंच यंत्र लावलं मी, राव. आकडा चढत होता आणि मी नुसता बघत होतो."

मी हसण्यावारी नेलं. "तिकडचा बर्फ राहू दे भावा, इथं आपणच वितळतोय."

तो हसला नाही. "अरे, तेच तर सांगतोय."

नंतर ऑर्डरी वाढल्या आणि आमचं टेस्टिंग पत्र्याच्या शेडमध्ये हललं. यंत्रं ठेवायच्या खोलीला एसी होता, आम्हाला दोन पंखे. यंदा मार्चमध्येच अरविंदनं अर्ज लिहिला: उन्हाळाभर शिफ्ट पहाटे सुरू करा, बारा ते चार काम बंद ठेवा. खाली सगळ्यांच्या सह्या. सुपरवायझर म्हणून माझी सही होऊन तो वर जायचा होता. माल पाठवायची घाई होती. "जूनमध्ये बघू," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "गेला का अर्ज?" तिसऱ्या दिवशी विचारलं नाही. अर्ज माझ्या ड्रॉवरमध्येच राहिला.

तो गेल्यावर आठवड्याच्या आत शिफ्ट बदलली. कुणाला अर्जाची गरज पडली नाही.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर काही दिवसांनी मी वहिनींकडे गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. तुमची सही राहिली होती. हे म्हणाले होते, तो करेल, विसरला असेल..." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी कपाटातून एक जाडजूड कोट काढला. कॅनडाच्या थंडीसाठी कंपनीनं घेऊन दिलेला. "ह्यांचे बाकीचे कपडे वाटून टाकले. हा कुणीच नेईना. इथं कोण घालणार?"

मी तो हातात घेतला. बाहेर बेचाळीस होतं. कोट परत देताना पाहिलं, माझे तळवे घामानं भिजले होते. वहिनींनी तो झटकला, बटणं लावली आणि पुन्हा हँगरवर टांगला.