पाच तास उरले होते

खाडीच्या बांधावर अमक्याला काय दिसलं, तमक्याला काय दिसलं, असं सांगणाऱ्यांची मी अंजूरमध्ये आयुष्यभर टर उडवली. आता माझी उडवलीत तरी तक्रार नाही. मी शेजारच्या वळ गावातल्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅच बघतो. कुठली गाडी कुठे किती वाजता पोचेल, हे सांगण्याचाच पगार घेतो म्हणा ना.

बाबा अंथरुणाला खिळले होते. सोमवारी खोलीत आम्ही दोघंच असताना म्हणाले, "पोरीला बोलाव रं. आजच. तिच्या हातचा पानी पियाचा हाय मना."

पोरगी म्हणजे माझी धाकटी बहीण सुजाता, मेलबर्नला असते. मी मनात गणित मांडलं... जवळजवळ दहा हजार किलोमीटर, डायरेक्ट फ्लाइट, तेरा तास. तिची नवी नोकरी, उगाच कशाला घाबरवा? बाबांना "फोन केला, येतेय" म्हणून ठोकून दिलं. प्रत्यक्षात फोन केला गुरुवारी.

शुक्रवारी सकाळी ती विमानात बसली. तोवर बाबा पाण्याचा थेंबही गिळत नव्हते. दुपारी अडीचला मी उशाशी बसून मोबाइलवर तिचं विमान बघत होतो — पाच तास उरले होते, खाली नुसता समुद्र. एवढ्यात बाबांनी तोंड उघडलं. घसा हलला. एक घोट... मग दुसरा. ओठाच्या कडेने पाणी उशीवर ओघळलं. तांब्या-भांडं स्टुलावर होतं तसंच, झाकलेलं. मी हाका मारेपर्यंत बाबा गेले.

सुजूला वेळेत आणणं माझ्या हातात होतं, आणि मी ते केलं नाही. विमानतळावरून घरी यायलाही तिला तीन तास लागले, अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमुळे.

तिसऱ्या दिवशी चहा घेताना ती सहज म्हणाली, "दादा, विमानात शेजारी एक म्हातारे होते. आपल्यासारखंच बोलायचे. हात थरथरत होते, म्हणून मीच दोन घोट पाणी पाजलं. 'किती लांब हाय अजून?' म्हणाले. मी म्हटलं, पाच तास. तर म्हणतात, 'पोराला सोमवारी सांगितला व्हता, पोरीला बोलाव. त्यानं गुरुवारी फोन केला.' मग माझा डोळा लागला. मी उठले तर ते नव्हते. उतरतानाही दिसले नाहीत. कसली पोरं असतात ना रे?"

"चेहरा कसा होता?"

"दिवे बंद होते, आणि त्यांनी डोक्यावरून ब्लँकेट घेतलेलं."

असेल दुसरा कोणी म्हातारा, आपल्याच भागातला... असं मी स्वतःला खूपदा समजावलंय. पण सोमवारचं बोलणं मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. आणि गुरुवारचं तर बाबांनाही माहीत नव्हतं. लाज वाटते, आणि भीतीही.

सुजू परत गेली. परवा फोनवर मध्येच म्हणाली, "दादा, त्या म्हाताऱ्यांना त्यांची पोरगी भेटली असेल ना रे?"

"भेटली," मी म्हणालो. त्यापुढचं तिला अजून सांगता आलेलं नाही.