पाच मिनिटांची तपासणी

"गोणी आणलीस का?"

सिस्टरनं दारातूनच ओरडून विचारलं. व्हरांड्यात पंधरा-वीस बाया बसलेल्या, पोटुशा, लेकुरवाळ्या. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी पिशवीतून युरियाची रिकामी गोणी काढून दाखवली. मला एचआयव्ही आहे, म्हणून तपासणीच्या टेबलावर मला दवाखान्याची चादर नाही. आपली गोणी आणायची, अंथरायची, परत न्यायची. आणि नंबर सगळ्यात शेवटी.

ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला माझा नंबर येईपर्यंत डॉक्टर मॅडम निघून गेल्या. दुसऱ्या खेपेला गोणी नव्हती म्हणून हाकललं. दर खेपेला माझी मजुरी बुडाली.

सहा महिने अंगावरून पांढरं जात होतं. मग मधेच रक्त. सोयाबीन कापताना वाकले की उठता यायचं नाही. नांदेडला मी दर महिन्याला गोळ्या आणायला जाते. तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या. या आजारात कॅन्सरची भीती जास्त. उशीर करू नका." त्यांनीच चिठ्ठी लिहून दिली. माझी पोरगी नववीत आहे. मला मरायला वेळ नाही.

दीड वाजता सिस्टरनं ती चिठ्ठी वाचली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नवरा मरून चार वर्षं झाली म्हन्तीस. मंग हे अंगावरून जानं कुठून आनलंस?"

मागं दोघी फिदीफिदी हसल्या.

खरं सांगते. एक माणूस होता. आमच्या टोळीचा मुकादम. मजुरीला कुणाला घ्यायचं ते तोच ठरवतो. माझा आजार मी त्याला सांगितला होता. निरोधचं पाकीटही पुढं केलं होतं. त्यानं ते चुलीत टाकलं. "तू गोळ्या खातीस ना? मंग मला काय हुतंय?" मला काय होईल, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी काम बंद. वर धमकी, "गावात सांगू का तुला काय हाय ते?"

डॉक्टर मॅडम पर्स उचलत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सोमवारी ये."

मी म्हटलं, "मॅडम, रक्त जातंय."

सिस्टर म्हणाली, "तुला तं झालंयच की. आता आनखी काय तपासायचंय?"

तळपायाची आग मस्तकात गेली. गोणी तिथंच टाकली. सरळ आत गेले आणि टेबलावर चढले. चादरीवर. ज्या चादरीवर बाकीच्या बाया झोपल्या होत्या, तिच्यावर.

"उतर खाली!" सिस्टर ओरडली.

"न्हाई उतरत. तपासा. न्हाईतर तपासत न्हाई म्हणून कागदावर लिहून सही द्या."

कागद म्हटल्यावर डॉक्टर मॅडमनी पर्स खाली ठेवली. बाहेरच्या बाया माना वाकवून बघत होत्या. मी म्हटलं, "आधी दार लावा."

तपासायला पाच मिनिटं लागली. पिशवीच्या तोंडाला जखम आहे. तुकडा काढून नांदेडला पाठवलाय. रिपोर्ट यायचाय. भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

त्याच संध्याकाळी मुकादम दारात आला. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"कामाला येते. माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई."

"गावाला सांगू का?"

"सांग."

त्यानं माझं काम तोडलं. आता मी शेजारच्या गावात कापूस वेचायला जाते.

टोळीत अजून दोघी विधवा आहेत. तो त्यांच्याही दारात जातो. मी गप्प बसले तर माझा आजार झाकलेला राहील आणि त्या त्याच्याकडून आजार घेऊन मरतील. काल पोरीला सगळं सांगितलं. उद्या त्या दोघींकडं जाणार आहे. मला काय आहे ते सांगणार. कुणामुळं सांगतेय, तेही त्याचं नाव घेऊन सांगणार. मग दोघींना तपासायला घेऊन जाणार.

गावाला कळेल. कळू दे.