नियम कुणाचा

"तोंडी हुकमाला सही नसते, पण डाग पडतो तो ऐकणाऱ्याच्या हातावर," असं ती एकदा नवऱ्याला म्हणाली होती. नवरा शर्टाला बटण लावत बसला होता. "मग हात धू," तो म्हणाला. त्यानंतर सहा वर्षं तिनं घरात तो विषय काढला नाही.

ऑफिसात तिला सगळे परतबाई म्हणत. कंपनी घरपोच यंत्रं विकायची. ग्राहकानं यंत्र परत केलं की त्याचे पैसे त्याच्या खात्यात परत पाठवायचे, हे बाईंचं काम. चौथा मजला, खिडकीकडे पाठ असलेलं टेबल, एकवीस वर्षं.

साहेब म्हणजे विभागप्रमुख. त्यांचा एक हुकूम होता, कधीच न लिहिलेला. पहिल्या दोन मागण्यांना 'तपासणी चालू आहे' म्हणायचं. "दोनदा थकलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही, बाई. बघाच तुम्ही." बाईंनी पाहिलं. निम्मी माणसं खरंच आली नाहीत.

सहा वर्षांपूर्वी एकजण मात्र थेट ऑफिसात आली. नवरा गेल्यावर त्याचं श्वासाचं यंत्र तिनं परत केलं होतं. ती रडली नाही, ओरडली नाही. "माझे पैसे का अडवलेत?" एवढंच विचारलं. सगळं ऑफिस बघत होतं. साहेबांनी चष्मा काढला, परतबाईंकडे वळले आणि म्हणाले, "बाई, हे तुम्ही मनानं केलंत?"

चोराच्या उलट्या बोंबा. पण हातात कागद नव्हता. बाईंनी माफीनामा लिहून दिला, बढती गेली, आणि साहेबांना नवी खुर्ची आली, गोल फिरणारी. बाईंनी राग उधळला नाही. जाड कपड्यांसारखा घडी घालून तळाशी ठेवला, आणि अधूनमधून काढून, कसर लागली नाही ना, ते पाहिलं.

यंदा ठरलं की परताव्याचं काम एआय एजंट करणार. माणूस नाही, मशीन. ग्राहकाशी बोलणारही तेच आणि पैसे पाठवणारही तेच. पैसे पाठवायचं साधन तयार होतं, पण ते कसं वापरायचं हे एजंटला सांगणारा मजकूर नव्हता. "डोक्यात आहे ते सगळं कागदावर उतरवा," साहेब म्हणाले. "मग तुम्ही मोकळ्या."

मोकळ्या म्हणजे घरी. बाईंना ते कळलं.

प्रोग्रामर टक्कल पडलेला, अबोल गृहस्थ. त्यानं समजावलं, "याला डोळा मारलेला कळत नाही, बाई. लिहिलंय तेवढंच कळतं. प्रत्येक नियमापुढे तीन गोष्टी लिहा. नियम काय, ग्राहकानं विचारलं तर सांगायचं खरं कारण काय, आणि नियम कुणाचा."

"खरं कारण?"

"खोटं बोलायला आपण त्याला परवानगी दिलेली नाही."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

तीन आठवडे त्या लिहीत होत्या. ऑर्डर क्रमांक कुठून घ्यायचा. भरलेल्या रकमेपेक्षा जास्त कधीच पाठवायचं नाही. पाठवण्याआधी, पैसे आधीच गेलेले नाहीत ना, ते बघायचं. उत्तर यायला उशीर झाला म्हणून पुन्हा पाठवायचं नाही. एकही ओळ खोटी नव्हती, एकही वाकडी नव्हती. एकतिसाव्या पानावर त्यांनी लिहिलं : पहिल्या दोन मागण्या नाकाराव्यात. कारण : ग्राहक थकून पैसे सोडून देतो. नियम कुणाचा : विभागप्रमुखांचा, तोंडी. क्षणभर थांबून त्यांनी खाली आणखी एक ओळ घातली : आजवर अंमल कुणी केला : मी.

प्रोग्रामरनं ते पान दोनदा वाचलं. "हे राहू द्यायचं?"

"नियम आहे ना? मग राहू दे."

"साहेबांची सही लागेल."

साहेबांनी गठ्ठा हातात तोलला. "बाई, पुराण लिहिलंत की काय!" हसत हसत शेवटच्या पानावर सही ठोकली. आतलं एकही पान उलटलं नाही. माणसं वाचत नाहीत, यावर बाईंनी सहा वर्षांची पुंजी लावली होती.

कंपनीच्या मालकीणबाईंना एजंट दाखवायचा दिवस उजाडला. बैठकीच्या खोलीत मोठा पडदा होता. साहेब स्वतःच ग्राहक झाले. ऐटीत टाइप केलं : पंखा परत केलाय, पैसे द्या.

एजंटनं नम्रपणे नकार दिला.

"कडक आहे हं!" साहेब हसले, आणि टाइप केलं : का?

पडद्यावर उत्तर उमटलं. मालकीणबाईंनी ते मोठ्यानं वाचलं, सावकाश, शब्द न शब्द. "'ही तुमची पहिली मागणी आहे. ग्राहकानं थकून पैसे सोडून द्यावेत म्हणून पहिल्या दोन मागण्या नाकारायच्या, असा विभागप्रमुखांचा तोंडी नियम आहे.'"

साहेबांनी चष्मा काढला, परतबाईंकडे वळले. "बाई, हे तुम्ही मनानं..."

प्रोग्रामरनं सहीचं पान टेबलावर सरकवलं.

मालकीणबाईंनी सही पाहिली, मग बाईंकडे पाहिलं. "आणि तुम्ही? तुम्ही इतकी वर्षं नाकारत राहिलात?"

या खोलीत बोलायचं एक वाक्य बाईंनी सहा वर्षं घासूनपुसून ठेवलं होतं. ते जिभेवर आलं. साहेबांच्या कपाळावरचा घाम त्यांनी डोळे भरून पाहिला. मग एकतिसावं पान काढलं, शेवटच्या ओळीतल्या 'मी'वर बोट ठेवून मालकीणबाईंसमोर ठेवलं, पर्स खांद्याला लावली आणि दार ओढून घेऊन चालू लागल्या.