डाव्या खांद्याची रायफल

आमच्या घरात मला दोनच गोष्टी डाव्या हातानं करायची मुभा होती: शेंबूड पुसणं आणि रायफल चालवणं. बाकी जेवण, लिहिणं, देवाला फूल वाहणं, पाहुण्यांना पाण्याचा पेला देणं, सगळं उजव्या हातानं. चुकले की आई मनगटावर चमचा हाणायची. पण बंदुकीच्या बाबतीत आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला सरळ सांगून टाकलं होतं, "यात तू पडू नकोस."

रायफल लहानखुरी होती, पॉइंट टू-टूची. चापाभोवतीच लोखंडी कडी होती. ती खाली ओढली की रिकामी पुंगळी बाहेर, वर मिटली की नवं काडतूस आत. कॉलेजात एनसीसीच्या रायफलींचा काडतूस भरायचा खटका उजव्या बाजूला असायचा, तिथं माझी नुसती धडपड व्हायची. या कडीला मात्र डावा काय नि उजवा काय, सारखंच. फक्त पुंगळी उजवीकडे उडायची, म्हणजे बरोब्बर माझ्या नाकासमोरून. पहिल्यांदा मी किंचाळले होते. आबा इतके हसले की त्यांना बांधावर टेकावं लागलं.

हा बांध शहराबाहेरच्या आमच्या शेताचा. उंच, मातीचा, मागं कुणाची वस्ती नाही. रविवारी सकाळी ग्वाल्हेरच्या कंपूतल्या घरून स्कूटरवर निघायचं, वाटेत कचोरी घ्यायची, आणि बांधापुढं तुपाचे रिकामे डबे मांडायचे. मला चंबळच्या मुलखातल्या त्या धाडधूड आवाजाचं कधीच कौतुक वाटलं नाही. आमचीचा आवाज फळीवर फळी आपटल्याएवढा. लोक तिला चिडीमार म्हणायचे, चिमण्या मारण्यापुरती. म्हणोत मेले! त्यांच्या दुनाळ्या वरातीत मिरवण्यापुरत्या, माझी दूरवरच्या डब्याला बरोबर मधोमध भोक पाडायची.

आमचं घराणं मूळचं शिलेदारांचं. दक्खनेतून आलेली तलवार आता पपईसुद्धा कापणार नाही, पण खंडेनवमीला तिची पूजा होतेच. पाटावर तलवार, आबांची दुनाळी आणि ही रायफल. घरचा रिवाज असा की ज्यानं जे हत्यार पुसायचं, त्यानंच त्याला कुंकू लावायचं. माझी रायफल मीच पुसायची. आईच्या जुन्या परकराची चिंधी गजाला गुंडाळून नळीतून फिरवायची, कडीच्या सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा. कुंकूही मीच लावायचे, डाव्या हातानं. एकदा आत्या कुरकुरली, तेव्हा आबा म्हणाले, "ज्या हातानं चालवते, त्याच हातानं पुजेल. रायफल तिचीच आहे."

हे वाक्य मी किती वर्षं जपलं! गावातच जयेंद्रगंजात सासरी आले, मुलं झाली, केस पिकायला लागले, तरी दर खंडेनवमीला तेलाची बाटली घेऊन माहेरी हजर. नवरा थट्टा करायचा, "लोकांच्या बायका माहेरी ओटी भरायला जातात, आमची बंदूक पुसायला जाते." मी म्हणायचे, "मग, जातेच मुळी!"

आबा थकले आणि लायसन्स पुढं कुणाच्या नावावर करायचं हा विषय निघाला. ठरलं असं: दुनाळी धाकट्या भावाच्या नावावर, रायफल माझ्या. भाऊ प्लॉटचा धंदा करतो, कचेरीत त्याची ऊठबस. म्हणाला, "ताई, तू कशाला चक्कर मारतेस? मैं हूँ ना. दोन्हीचं मीच बघतो." मी म्हटलं, बरं बाबा, बघ.

मग निवडणूक लागली. निवडणूक आली की ग्वाल्हेरात सगळ्यांची हत्यारं ठाण्यात नाहीतर बंदुकीच्या दुकानात जमा होतात, निकालानंतर परत मिळतात. यात नवल ते काय? आमचीही गेली. निकाल लागला, उन्हाळा संपला, गणपती येऊन गेले. मी विचारलं की भाऊ म्हणायचा, "अजून जमाच आहे ताई, आणतो ना." आबांना फोनवर विचारलं तर तेही, "आणेल तो." आणि लगेच नातवंडांची चौकशी. मला जरासुद्धा संशय आला नाही. भावावर एक वेळ घेतला असता, आबांवर कसला घेणार?

खंडेनवमीला मी सकाळीच पोचले. पाट मांडलेला होता. तलवार होती, दुनाळी होती. तिसऱ्या जागेवर मखमली डबी, आणि तिच्यात काळंभोर, चकचकीत रिव्हॉल्वर.

"माझी कुठंय?" मी विचारलं.

"ताई, तुला सांगणारच होतो," भाऊ म्हणाला. "कायद्यानं एकाच्या नावावर दोनच ठेवता येतात ना आता. आणि मला कमरेला काही तरी हवंच होतं. चार लोकांत उठतो-बसतो मी. ती चिडीमार घेऊन कुठं जाऊ? लोग हँसते हैं."

"तुझी नव्हतीच ती! माझ्या नावावर करणार होतात ना?"

"सगळं माझ्याच नावावर झालंय. आबांनीच सही केली."

मी आबांकडं पाहिलं. ते फुलांच्या परडीत बघत होते.

"कुठं आहे आत्ता?"

"दुकानदाराला दिली. त्यानं मुरैन्याकडच्या कुणाला तरी विकली. नातवाला निशाणा शिकवायला पाहिजे होती म्हणे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. कुणाच्या तरी नातवाला! मी ओरडलेच, "आबा, तुम्ही शब्द दिला होता मला."

आबांनी परडी खाली ठेवली. आवाज मऊ होता त्यांचा, आणि तेच मला जास्त लागलं. "अगं, तेव्हा तू लहान होतीस. लहान पोरीला म्हणतो माणूस. आता सासरी तुला काय करायचीय बंदूक? त्याला धंद्यात उपयोगी पडेल."

म्हणजे इतकी वर्षं ते लहान पोरीची समजूत काढत होते तर. आणि मी, पन्नाशीला आलेली बाई, हातात तेलाची बाटली घेऊन उभी. गळाच कापला होता माझा, तोही इतक्या प्रेमानं की कुणाला रक्त दिसू नये. भावाचं मला विशेष काही वाटलं नाही, तो पहिल्यापासून तसलाच. पण आबांनी फोनवर, दर वेळी, "आणेल तो" म्हटलं होतं. त्यांना माहीत होतं. माझ्या पोरांच्या परीक्षा विचारत होते आणि त्यांना सगळं माहीत होतं.

आबांनी कुंकवाचा करंडा पुढं सरकवला. म्हणाले, "चल, मुहूर्त जातोय. यंदा त्या नव्याला तूच लाव कुंकू. तुझाच मान." वर भावाला म्हणाले, "लावू दे रे तिला."

तोंडाला पानं पुसायची ती अशी. तरी मी पाटासमोर बसले. का, ते आजही सांगता येत नाही. बापानं सांगितलं म्हणून बसले असेन. करंड्यात बोट बुडवलं आणि हात पुढं केला. नेहमीचाच हात.

आबांनी माझं मनगट धरलं. "उजव्या हातानं, बाई. पूजा आहे."

आयुष्यात त्यांनी हे मला कधी म्हटलं नव्हतं. आई म्हणाली होती, आत्या म्हणाली होती, शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या. आबा कधीच नाही.

मी मनगट सोडवून घेतलं. बोटाचं कुंकू पदराला पुसलं आणि करंडा भावाच्या हातात दिला. "तूच लाव," मी म्हटलं. "आबांना उजवा हात हवाय."