मावशींशी कोणी भांडेना

वांग्यांचा भाव कानावर पडला की मावशी हातातलं वांगं परत ठेवायच्या. पिशवी झटकायच्या, विकणारीकडे पाठ करायच्या आणि मला म्हणायच्या, "चाल व बाई, हे तं लुटून राह्यली." मग मागून हाक यायचीच. हाक येईपर्यंत किती हळू चालायचं, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

अशी एखादी मावशी तुमच्याही बाजारात असेल. आमच्या मेहकरच्या मावशी माझ्या शेजारी राहायच्या. मी बदली होऊन इथल्या शाळेत आले तेव्हा घराखालच्या हातगाडीवरून भाजी घ्यायचे. एकदा त्यांनी कंपाउंडवरून माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं. "कितीले देली हे मेथी?" मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "एवढ्यात तं घरादाराची भाजी होते. बाजाराच्या दिवशी संगं चाल."

आठवडी बाजारात त्या पहिली फेरी नुसती बघायला मारायच्या. मधल्या मोठ्या दुकानांकडे ढुंकूनही पाहायच्या नाहीत. अगदी कडेला, डोणगावकडच्या बाया पोतं अंथरून बसायच्या. स्वतःच्या वावरातली भाजी, पहाटे खुडलेली, मधे दलाल नाही. वांगी, चुका, पालक, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, सगळ्याचे छोटे छोटे वाटे लावलेले. माल ताजा, भाव कमी. तरी मावशी भांडायच्याच.

आणि काय भांडायच्या! विकणारीच्या वांग्यांपासून सुरुवात करून तिच्या सासरच्या विहिरीपर्यंत पोचायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी एकदा म्हटलं, "मावशी, द्या ना मागतेय ते, गरीब आहे बिचारी." वांगीवालीच माझ्यावर उखडली. "तुमी मधात नोका पडू, मॅडम. मावशी भांडली नाही तं मले वाटते माह्या मालातच खोट हाय." भांडण संपलं की तीच मावशींना आपल्या डब्यातली भाकर द्यायची, आणि मावशी तिच्या लेकीच्या सोयरिकीची चौकशी करायच्या.

पुढे पुढे मावशी माझा दंड धरून चालू लागल्या. गुडघे दुखतात म्हणाल्या. मला खरं वाटलं. एक दिवस पालकाची जुडी हातात घेऊन त्या चुक्याचा भाव करत होत्या. बाई गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मावशींनी पानं चुरगळली, नाकाशी नेली आणि जुडी खाली ठेवली. त्या दिवशी भांडण अर्ध्यातच राहिलं.

बुलडाण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेली ती नजर परत येणार नाही, उरलेली थेंब टाकून सांभाळा, म्हणाले. येताना बसमध्ये मावशींनी माझा हात घट्ट धरला. "माह्या पोराले सांगू नोको व. तो मले पुण्याले नेते. आन् मंग मी काय करू तिथी? चौथ्या माळ्यावर भिंतीशी बोलू?"

मी सांगितलं नाही. बाजारालाही कोणी सांगितलं नव्हतं, पण बाजाराला कळलं. आम्ही कडेच्या रांगेत शिरलो की बाया हाका मारू लागायच्या. "मावशी, इकडं, मी वांगेवाली!" "मावशी, मेथी हाय इथी!" त्या आवाजामागे मावशी बरोबर पोचायच्या. चांगली वांगी त्यांच्या हाताशी सरकवली जायची. किडकं एक पिशवीत आलं नाही. आणि मावशी म्हणतील तो भाव. मावशी जाम पाडून मागायच्या, समोरून लगेच होकार यायचा, "हाव, घे."

"आजकाल धंदा बरा चालून राह्यला वाट्टे या बायांचा," मावशी मला म्हणाल्या, "कोणी भांडतच नाही." बोलताना त्यांचा चेहरा जरा उतरला होता.

दिवाळीला मुलगा आला आणि पिशवी घेऊन आमच्याबरोबर बाजारात निघाला. आज त्याला कळणार, असं मला वाटलं. पण त्या दिवशी बाजारानं कमाल केली. हाकांवर हाका. मावशी ताठ मानेनं एका पोत्यापासून दुसऱ्या पोत्यापर्यंत चालत होत्या, भाव करत होत्या, सगळीकडून "हाव" येत होतं. वर मूठभर सांबार फुकट. मी सुटकेचा श्वास सोडला.

चहाच्या टपरीवर मावशींना बाकावर बसवून मुलगा मला जरा बाजूला घेऊन आला. "मॅडम, आईला दिसत नाही ना?"

मी विचारलं, "असं का वाटलं तुम्हाला?"

"लहानपणी तिच्याबरोबर इथं यायचो. एका वाट्यासाठी ती अर्धा घंटा भांडायची, मी रडायचो. आज तिनं फुकटात मागितलं, तरी लोक हाव म्हणाले." त्यानं बाकाकडे पाहिलं. "माह्या आईले या बाजारात कोणी हाव म्हनत नसते, मॅडम."

मुलगा वाईट नव्हता. एकट्या आईला अशी कशी ठेवायची, हे त्याचं म्हणणं मला आजही चूक वाटत नाही. मला वाटलं होतं मावशी त्याच्याशी भांडतील. त्या भांडल्या नाहीत. पुण्याच्या गाडीत बसताना माझ्या गालावरून हात फिरवला, इतकंच.

आता मी एकटी जाते. भाव करायला मला अजून जमत नाही. शेजारच्या घराला कुलूप आहे, आणि बाजारातून आल्यावर पिशवीत डोकावणारं कोणी नाही. फार चुकल्यासारखं होतं.

मावशींना फोन करते. पुण्यात त्यांच्या घराजवळ रविवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. मुलगा न चुकता हात धरून नेतो. "भाजी ताजी रायते व," मावशी म्हणाल्या, "सस्तीबी हाय म्हनते पोरगा. पन सारं पिशव्याइत बांधून रायते, भाव लिहून रायते. मले तिथं कोणी आवाजच देत नाही."

पुढच्या बाजारी मी वांगीवालीला हे सांगितलं. तिनं हात पदराला पुसला, म्हणाली, "लावा फोन." लागल्या लागल्या ती भर बाजारात ओरडली, "मावशी! वांगे घे!"

 पलीकडून आवाज आला, "काय भाव लावला?"

तिनं दुप्पट भाव सांगितला. मावशींनी निम्म्याच्या निम्मा केला. मला वाटलं, आता ही "हाव" म्हणणार. पण वांगीवालीचे डोळे भरले होते आणि ती जिवाच्या आकांतानं भांडत होती. "नाई जमत! वावर का तुह्या बापाचं हाय? नसन घ्याचं तं राहू दे!"

पलीकडे मावशी हसल्या. मग घाईघाईनं म्हणाल्या, "थांब व, फोन ठेवू नोको. भाव कुठी ठरला अजून?"